बुरशा सांभाळणारी बाई

गेली एकवीस वर्षं मी बुरशा सांभाळते. काय करता असं कुणी विचारलं की पूर्वी मी "कवकशास्त्र" असं भारदस्त उत्तर द्यायचे. समोरचा चेहरा कोरा. मग "बुरशी हो, ओल्या भिंतीवर येते ती," म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न यायचा, "ती घालवायची कशी?" माझा सगळा जन्म ती जगवण्यात चाललाय हे त्यांना कुठून सांगणार!

दोनेक वर्षांपूर्वी बढतीच्या मुलाखतीत एका परीक्षकांनी चष्मा नाकावर खाली सरकवून विचारलं, "कलेक्शन सांभाळता ते ठीकच आहे हो, पण तुमचं स्वतःचं संशोधन कुठलं?" उत्तर तेव्हा सुचलं नाही. ते नेहमीप्रमाणे जिना उतरताना सुचलं. मला विचारायचं होतं, योहाना वेस्टरडाइक हे नाव कधी ऐकलंय का तुम्ही? ऐकलं नसणारच. मीही कितीतरी वर्षं ऐकलं नव्हतं, आणि तिच्या संग्रहाचे आकडे मात्र रोज लिहीत होते.

आकडे म्हणजे सीबीएस नंबर, तिच्या त्या डच संग्रहात प्रत्येक बुरशीला मिळणारा क्रमांक. बुरशीवरचा कुठलाही शोधनिबंध उघडा, मागच्या तक्त्यात ही तीन अक्षरं दिसतातच. जुन्या नंबरांना मध्ये एक बिंदू असतो. ॲस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीच्या ज्या स्ट्रेनचा, म्हणजे वाणाचा, जीनोम वाचला गेला, तिचा नंबर सीबीएस ५१३.८८. बिंदूच्या पुढचे दोन आकडे म्हणजे ती बुरशी संग्रहात दाखल झाली ते साल. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी माझ्याच एका तक्त्यावरून बोट फिरवत गेले. .८८, .७१, .६४ आणि एकदम .२७. म्हणजे १९२७. माझी आजीसुद्धा तेव्हा जन्मली नव्हती. त्या साली कुणीतरी कुठल्याशा कुजक्या फांदीवरून सुईच्या टोकाने उचललेली बुरशी आजही जिवंत आहे आणि मी तिचा डीएनए दुसऱ्या बुरशीच्या डीएनएशी ताडून बघतेय. इतकी वर्षं तिला खायला कोण घालत होतं?

त्या प्रश्नाच्या मागे लागून मी या बाईपर्यंत पोचले.

योहानाचा जन्म १८८३चा, ॲमस्टरडॅमच्या शेजारच्या नियूवर-ॲमस्टेलमधला. जवळची माणसं तिला हान्स म्हणत. हान्स हे तिकडे पुरुषाचंही नाव, आणि तिला ते शोभूनही दिसायचं म्हणतात. तिला खरं तर पियानोवादक व्हायचं होतं, पण हाताच्या दुखण्याने ते राहून गेलं. मग वनस्पतिशास्त्र. ॲमस्टरडॅमला ह्यूगो द फ्रीसच्या हाताखाली शिकली, पण शाळेत लॅटिन आणि ग्रीक झालेलं नव्हतं. मुलींच्या शाळेत ते शिकवतच नसत. म्हणून विद्यापीठाची रीतसर पदवी तिला मिळणं शक्य नव्हतं. वर्गात बसा, शिकवण्याचा परवाना घ्या, पण डॉक्टरेट नाही. (आधी शिकवायचं नाही आणि मग येत नाही म्हणून आत घ्यायचं नाही. ही युक्ती सगळीकडे सारखीच दिसते.) ती उठून म्युनिकला गेली, तिथून झुरिकला, आणि १९०६मध्ये डॉक्टरेट घेऊन परतली. विषय होता मॉसचं पुनरुज्जीवन, म्हणजे तुकड्यापासून पुन्हा अख्खं रोप कसं तयार होतं ते. बुरशीचा त्यात संबंध नाही.

त्याच वर्षी, तेवीस वर्षांची असताना, तिला ॲमस्टरडॅममधल्या एका छोट्या प्रयोगशाळेचं संचालकपद मिळालं. विली कॉमेलिन स्कोल्टन प्रयोगशाळा. विली हा जीवशास्त्राचा विद्यार्थी, तरुणपणीच गेला. आईवडिलांनी त्याच्या नावाने वनस्पतींच्या रोगांवर काम करणारी ही जागा उभी केली होती. आधीचे संचालक वाखेनिंगेनला निघून गेले होते. जागा रिकामी आणि मुलगी तयार. मॉसवाली बाई रोगांकडे वळली ती अशी.

आणि १९०७मध्ये तिच्याकडे सोपवण्यात आला बुरश्यांचा एक संग्रह. आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्रज्ञ संघटनेने तीन वर्षांपूर्वी सुरू केलेला, जेमतेम ऐंशी कल्चरचा, म्हणजे ट्यूबमध्ये वाढवून जिवंत ठेवलेल्या बुरशांचा. सीबीएस ते हेच.

ऐंशी ट्यूबा म्हणजे काय, हे ज्याने कधी कल्चर सांभाळलं नाही त्याला कळणार नाही, म्हणून सांगते. बुरशी अगारवर, म्हणजे जेलीसारख्या थिजलेल्या खाद्यावर, वाढते. ट्यूब तिरकी ठेवून अगार गोठवला की त्याला स्लँट म्हणतात. काही आठवड्यांत ती सगळं खाऊन टाकते, अगार सुकून आक्रसतो, काचेपासून सुटतो. त्याआधी तिचा कणभर तुकडा नव्या ट्यूबमध्ये हलवायचा. सुई ज्योतीत लाल करायची, थंड होऊ द्यायची (इथे घाई केली की बुरशी चर्रकन जळते, नवीन मुलांचं हमखास होतं), ट्यूबचं तोंड ज्योतीवरून फिरवायचं, तुकडा उचलायचा, नव्या स्लँटवर ठेवायचा, कापसाचं बूच बसवायचं, नाव आणि तारीख लिहायची. विरजणासारखंच, फक्त ऐंशी प्रकारचं आणि एकाचा दुसऱ्याला वारा लागू न देता. शिवाय प्रत्येकीचे लाड वेगळे. कुणाला ओटचं माध्यम हवं, कुणाला चेरीच्या काढ्याचं, कुणाला माल्ट. काहींना श्रीमंती सोसत नाही. साखर जास्त झाली की नुसता पांढरा कापूस वाढतो आणि बीजाणू धरायचं नाव नाही. अशीला उपाशी ठेवायचं, पाण्याच्या अगारवर उकडलेली काडी टाकून द्यायची. गरिबीत ती पुन्हा बीजाणू धरते.

आणि हे वर्षानुवर्षं. फ्रीझ ड्राय करून ॲम्प्यूलमध्ये सील करणं, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवणं, हे सगळं फार नंतरचं. त्या काळात सुई, ज्योत आणि माणूस.

१९१३मध्ये ती जावा-सुमात्राकडे गेली, उष्ण प्रदेशातल्या पिकांचे रोग बघायला. तेव्हा तो भाग डचांच्या ताब्यात होता आणि तिथल्या मळ्यांना रोगाच्या माणसांची गरज होती. वसाहत म्हटली की विज्ञानही मागोमाग येतंच, तेव्हा हा प्रवास काही निव्वळ ज्ञानाची ओढ नव्हता हे मान्य करायला हवं. तेवढ्यात महायुद्ध पेटलं, मग जपान आणि अमेरिका असा पृथ्वीला वळसा घालून ती परत आली.

१० फेब्रुवारी १९१७ला उट्रेख्त विद्यापीठात तिने प्राध्यापक म्हणून पहिलं व्याख्यान दिलं. नेदरलँड्समधली पहिली स्त्री प्राध्यापक. तिच्याबद्दल जिथे तिथे हेच वाक्य पहिलं येतं आणि बरेचदा तेवढंच येतं. मला त्याचा जरा कंटाळा आलाय. पहिली असण्यात तिचं कर्तृत्व होतं तसंच आधीच्यांचं करंटेपणही होतं. मला जास्त रस तिच्या मागून आलेल्या मुलींत आहे.

१९२०च्या सुमारास सगळं बिऱ्हाड, प्रयोगशाळा आणि संग्रह दोन्ही, ॲमस्टरडॅमहून बार्नला हललं. उट्रेख्तजवळचं हे झाडीतलं गाव. घराचं नाव व्हिला जावा. त्या घरात पुढची तीस वर्षं जे चाललं त्याला मी तरी शाळाच म्हणेन. तिच्या हाताखाली पन्नासहून जास्त जणांनी डॉक्टरेट केली आणि त्यात निम्म्याच्या आसपास मुली होत्या. १९२० आणि ३०च्या दशकांत! आमच्या विभागात मी लागले तेव्हा खालच्या मजल्यावर बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं, हे आपलं जाता जाता.

बार्नमधल्या प्रयोगशाळेचं ब्रीदवाक्य होतं, 'वेर्केन एन फेस्टेन फोर्म्ट स्खोने खेस्टेन'. डचमध्ये ते यमकात आहे. मराठीत ओढूनताणून म्हणायचं तर, काम करा नि जल्लोष करा, मनं घडतात सुंदर. बाईंना नाचायला आवडायचं, मेजवान्या आवडायच्या, कुणाची डॉक्टरेट झाली की रात्र रंगायची. लग्न त्यांनी केलं नाही.

आता एल्मची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय बुरशीवाल्यांना चैन पडत नाही.

एल्म म्हणजे आपल्याकडच्या वावळाच्या कुळातलं झाड. हॉलंडमध्ये रस्त्यांच्या आणि कालव्यांच्या कडेने रांगाच्या रांगा. पहिलं महायुद्ध संपता संपता ही झाडं ऐन उन्हाळ्यात माना टाकू लागली. एखादी फांदी पिवळी पडायची, पानं गुंडाळायची आणि बघता बघता झाड खलास. कुणी म्हणालं दुष्काळ, कुणी म्हणालं जीवाणू, कुणी म्हणालं युद्धातला विषारी वायू. दीना स्पिरेनबर्ख या बाईंनी रोगाची पहिली नीट नोंद केली. आणि वेस्टरडाइकच्या प्रयोगशाळेतल्या बेया श्वार्त्झने मेलेल्या फांद्यांतून एक बुरशी वेगळी काढली, निरोगी झाडात घातली आणि १९२२च्या प्रबंधात सांगितलं की गुन्हेगार ही आहे. नाव ठेवलं ग्राफियम उल्मी.

ग्राफियम जातीच्या दुसऱ्या एका बुरशीची ट्यूब माझ्याकडे होती, त्यामुळे ती दिसते कशी हे सांगू शकते. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली धरलं की काळ्या टाचण्यांचं रान. प्रत्येक टाचणी म्हणजे कवकतंतूंची एकत्र बांधलेली जुडी, मिलिमीटरभरच उंच, आणि तिच्या टोकावर डोक्याऐवजी एक चिकट थेंब. दुधी, चमकणारा. त्या थेंबात बीजाणू खच्चून भरलेले. वारा त्यांना नेऊ शकत नाही, कारण ते चिकट. ते थांबून असतात कुणाच्या तरी पाठीची वाट बघत. एल्मच्या बाबतीत ती पाठ असते सालीखाली बोगदे काढणाऱ्या भुंग्याची. भुंगा मेलेल्या झाडातून बाहेर पडताना टाचण्यांना घासतो आणि जिवंत झाडाची कोवळी डहाळी कुरतडताना थेंब तिथे पुसतो. बुरशी पाण्याच्या नळ्यांत शिरते. झाड घाबरून स्वतःच्याच नळ्या बुजवायला लागतं, शत्रू पुढे जाऊ नये म्हणून. आणि तहानेने मरतं. डहाळी आडवी कापली तर तपकिरी ठिपक्यांचं कडं दिसतं.

श्वार्त्झवर लोकांनी चटकन विश्वास ठेवला नाही. ती जावाला गेली आणि काम उचललं क्रिस्टीन बाउस्मानने. १९२७मध्ये तिने पुन्हा लागण करून दाखवली आणि वाद मिटला. १९३०मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या नमुन्यांत हाच रोग आहे हे ओळखलं तेही तिनेच. पण तिचं मला सगळ्यात आवडणारं काम १९३२चं. ग्राफियम हे अर्धंच रूप होतं, अलैंगिक. दुसरं अर्धं कुणालाच सापडत नव्हतं. तिने वेगवेगळ्या स्ट्रेन जोडीजोडीने एकत्र वाढवल्या आणि योग्य दोघी भेटल्यावर लांब मानेच्या काळ्या कुप्या उगवल्या, आत लैंगिक बीजाणू. एकाच स्ट्रेनकडे जन्मभर बघत बसलं असतं तरी हे दिसलं नसतं, कारण त्या बुरशीला जोडीदार लागतो. आणि जोडीदार हाताशी असायला अनेक स्ट्रेन कुणीतरी ट्यूबांमध्ये जिवंत ठेवलेल्या असाव्या लागतात. परीक्षकसाहेब, तुमचा प्रश्न काय होता?

बाउस्मान १९३६मध्ये गेली, नुकतीच छत्तिशी ओलांडून. रोगाला दाद न देणाऱ्या पहिल्या निवडक एल्मला तिचं नाव दिलं गेलं. रोगाला मात्र जगाने 'डच एल्म डिसीज' म्हटलं. तो मूळचा डच नाही, बहुधा आशियातून आलेला. डच मुलींनी तो शोधून काढला म्हणून नाव डच. शोध लावणाऱ्याच्याच माथी रोग मारायची ही बक्षिशी भारीच आहे.

दुसऱ्या महायुद्धातली एक गोष्ट मी नव्या मुलांना दरवर्षी सांगते. देश जर्मनांच्या ताब्यात. फ्लेमिंगच्या पेनिसिलीनची कुणकुण जर्मनीला लागली होती आणि त्यांनी बार्नकडे पेनिसिलियम नोटॅटमची मागणी केली. नाही म्हणण्याची सोय नव्हती. बार्नहून ट्यूब गेली. जात बरोबर, नाव बरोबर, फक्त ती स्ट्रेन पेनिसिलीन बनवत नव्हती. इकडे १९४४च्या सुरुवातीला डेल्फ्टच्या यीस्ट कारखान्यातल्या लोकांनी गुपचूप विचारणा केली, तेव्हा त्यांना पेनिसिलियमच्या कामाच्या स्ट्रेन मिळाल्या. त्यातली पेनिसिलियम बॅक्युलॅटम सरस निघाली आणि जर्मनांना पत्ता लागू नये म्हणून औषधाचं टोपणनाव ठेवलं बॅसिनॉल. कारखान्यातल्या जर्मन पहारेकऱ्याला म्हणे जिन पाजून गुंगवत असत.

हे सांगितलं की मुलं हसतात. मग मी त्यांना विचारते, एका जातीच्या दोन ट्यूबा. डोळ्यांना दोन्ही निळसर हिरव्या, मखमली, कडेला पांढऱ्या. मायक्रोस्कोपखाली दोघींचे झाडूसारखे फुटवे सारखेच. कुठली औषध देते आणि कुठली देत नाही, हे सांगायला काय लागेल? लेबल लागेल. आणि ते लिहिणाऱ्या माणसाला आपली ट्यूब ओळखता यायला लागेल.

वेस्टरडाइक १९५२मध्ये प्राध्यापकपदावरून निवृत्त झाली, संग्रह मात्र १९५८पर्यंत सोडला नाही. तोवर ऐंशीचे दहा हजारांच्या घरात गेले होते. तिच्यानंतर संग्रह आला आगाथा फान बेवरवाइककडे, म्हणजे पुन्हा एका बाईकडेच. १९६१मध्ये हान्स गेली. आज संग्रह उट्रेख्तला आहे, लाखाच्या वर स्ट्रेन आहेत, आणि २०१७मध्ये, त्या व्याख्यानाला शंभर वर्षं झाली तेव्हा, संस्थेलाच वेस्टरडाइकचं नाव दिलं गेलं. त्याच निमित्ताने डच सरकारने शंभर जास्तीच्या स्त्री प्राध्यापक नेमायला पैसे दिले. शंभर वर्षांनंतरही ते मुद्दाम द्यावे लागले, ही बातमी मी दोनदा वाचली.

आता माझं.

सात वर्षांपूर्वी आमच्या कलेक्शनमध्ये माइट्स शिरले. उघड्या डोळ्यांना हे किडे नीट दिसतसुद्धा नाहीत, धुळीच्या कणाएवढे, पांढुरके. कापसाच्या बुचातून आरामात आत जातात, बुरशी खातात, अंगाला बीजाणू आणि जीवाणू चिकटवून घेतात आणि शेजारच्या ट्यूबमध्ये जातात. पहिली खूण म्हणजे स्वच्छ अगारवर पावलांची वाट. ठिपका, ठिपका, ठिपका, आणि दोन दिवसांनी प्रत्येक ठिपक्यातून जीवाणूंची एक वसाहत. ती वाट मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा किती सुंदर दिसतेय असा विचार मनात येऊन गेला आणि मग पोटात गोळा आला. ट्यूबांच्या तोंडाला सिगारेटचा कागद चिकटवायची जुनी पद्धत आहे, हवा जाते पण माइट जात नाही. मी तो कागद त्याच्या तीन महिने आधीच मागवला होता. मागणीपत्रावर शेरा मारून आला होता, "सिगारेटचा कागद कशासाठी? खुलासा करावा."

त्रेचाळीस ट्यूबा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने सगळं मारून टाकणाऱ्या भांड्यात, घालाव्या लागल्या. त्यातली एक माझी होती, म्हणजे मी स्वतः पालापाचोळ्यातून वेगळी काढलेली, नोकरीच्या पहिल्या वर्षातली. ग्राफियमही त्यातच गेली. त्या दिवशी बाकीचे चहाला गेले आणि मी दार लावून घेतलं.

नंतर आठवलं, की माझ्या त्या बुरशीची एक ट्यूब मी पूर्वी एका मैत्रिणीला दिली होती, तिला एन्झाइमच्या कामासाठी हवी होती म्हणून. फोन केला. ती म्हणाली, "अगं, ते काम तर कधीच बंद पडलं. बघते." दोन तासांनी मेसेज आला, "आहे. तुझ्याच अक्षरातलं लेबल आहे. पण मी दर चार महिन्यांनी नुसती हलवत राहिले, का ते मलाही माहीत नाही."

ट्यूब आली, जाड पाकिटात, कापसात गुंडाळलेली. आत पांढरा, दुबळा कापूस. इतक्या वेळा गोड माध्यमावर हलवल्यामुळे बीजाणू धरणं विसरलेली. मी पाण्याच्या अगारची प्लेट ओतली, उकडलेली काडी ठेवली, काडीच्या एका टोकाशी कणभर तुकडा लावला आणि प्लेट खिडकीपाशी ठेवली. काहींना थोडा उजेड लागतो.

आठवड्याने तंतू काडीवर चढले. दुसऱ्या आठवड्यात काहीच नाही. एकोणिसाव्या दिवशी काडीच्या पलीकडच्या टोकाला एक काळसर ठिपका दिसला. सुईने उचलून स्लाइडवर घेतला, कव्हर स्लिप टाकली आणि फोकस फिरवला. तीन-चार बीजाणू होते, मधोमध एक आडवा पडदा, जसे मी पहिल्या वर्षी वहीत काढले होते तसेच. सहा ट्यूबा भरल्या. तीन माझ्याकडे, एक मैत्रिणीला, वेगवेगळ्या गावांतल्या दोन लॅबना एकेक. सगळ्यांवर तारीख घातली आणि तोंडाला सिगारेटचा कागद लावला. तो मी स्वतःच्या पैशांनी पानाच्या टपरीवरून आणला होता. टपरीवाला मला वरपासून खालपर्यंत बघत होता.